आधी पडा, मग बोला

घाटंजीत माझी शाळेची वर्षं गेली, त्या वर्षांत गावात जेवढी लग्नं झाली त्यांतल्या निम्म्या नवरानवरींच्या गाद्यांवर त्यांच्याआधी मी लोळलेली आहे. उमरखेड डेपोत डबा खाताना मी हे एकदा बोलून गेले, तर सोबतच्या कंडक्टर बाया ठसका लागेपर्यंत हसल्या. हसा म्हटलं, पण यातलं एक अक्षर खोटं नाही. गादी भरून, शिवून, टाके घालून झाली की ती दुकानाच्या मागच्या खोलीत अंथरली जायची आणि आम्ही वीस-बावीस पोरंपोरी तिच्यावर चार दिवस धपाधप पडायचो. पाचव्या दिवशी ती वरातीच्या गाडीत चढायची. आत कापूस असा एकसारखा बसलेला असायचा की लोक म्हणत, गादी घ्यावी तर उस्तादांकडूनच.

उस्ताद म्हणजे आमचे ज्युदोचे मास्तर. धंद्याने पिंजारी. बाजाराच्या रस्त्यावर त्यांचं गाद्यांचं दुकान होतं, पुढे पिंजायचं यंत्र आणि मागे कापूस ठेवायची लांब खोली. यंत्र सुरू झालं की समोरच्या सलूनमध्ये दाढी करणाऱ्याचा हात हलायचा, म्हणून क्लास सकाळी यंत्र सुरू व्हायच्या आधी, साडेपाच ते सात. भुवया, मिशा, कानावरचे केस, सगळीकडे कापसाचे तंतू अडकलेले, त्यामुळे चाळिशीतच ते साठीचे दिसत. आता खरोखर सत्तरीला आलेत आणि तसेच दिसतात. त्यांचा फायदाच झाला म्हणायचा.

त्यांचा डावा हात खांद्याच्या वर जात नसे. सदरा घालताना आधी डावी बाही, मग उजवी. फळीवरचा डबा काढायचा तर उजव्याने. आम्ही नमस्कार केला की ते उजवा हात कपाळाला लावून नीट सलाम करायचे, सहा वर्षांच्या पोरालाही.

गावात ज्युदो म्हणजे काय हे कोणाला माहीत नव्हतं. सगळे कराटेच समजत. कोणी ना कोणी दुकानात डोकावून विचारायचाच, "उस्ताद, पोरं इटा कधी फोडनार?"

"इटा फोडाच्या असतीन तं गवंड्याकडं पाठवा," उस्ताद म्हणायचे. "त्याले अर्ध्या इटा लागतेत."

त्यांच्या क्लासात पहिले तीन महिने पडणं आणि नुसतं पडणं. उजवीकडे पडा, डावीकडे पडा, मागे पडा, पळत येऊन पडा. पडताना हनुवटी छातीला आणि हात अंगाजवळ. पडणारा माणूस जमिनीला हात टेकवायला जातो, तिथेच मोडतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून दिवसभर त्यांच्या तोंडी एकच पालुपद, "हात आत." रस्त्यात कोणी सायकलवरून घसरला की दुकानातून आवाज यायचा, "हात आत." गावातली रिकामटेकडी पोरं त्यांना चिडवायला दुरूनच हात पोटाशी धरून जायची. उस्ताद त्यांना शाबासकी द्यायचे, कारण ती चिडवतात हे त्यांच्या कधी लक्षातच आलं नाही. निदान त्यांनी तसं दाखवलं नाही.

आणखी एक नियम होता. मागच्या खोलीत जो पाऊल टाकील त्याने आधी एकदा पडायचं, मग काय बोलायचं ते बोलायचं. मग तो कोणाचा बाप असो की तलाठी. उंबऱ्यावरच ते अडवत. "आधी पडा, मंग बोला."

माझी आई अंगणवाडीत मदतनीस होती. आमच्या बौद्ध वस्तीतल्या बायांनी तिचे कान भरले, की तुझी पोरगी पोरांच्या अंगावर पडते, दुकानदार फुकटात गाद्या बडवून घेतो. यातली दुसरी गोष्ट अगदीच खोटी नव्हती. आई एका सकाळी तणतणत आली. उस्तादांनी तिला उंबऱ्यावर थांबवलं.

"बाई, आधी पडा, मंग बोला."

"मी पडाले नाही आली. पोरगी न्याले आली."

"न्या ना. तुमचीच आहे. पन पडा."

आईने पदर खोचला. रागातच खोचला. उस्तादांनी मला पुढे केलं आणि मी आईला हनुवटी कशी, हात कसे, ते सांगितलं. आई मागे पडली. धप्प आवाज झाला, कापसाची धूळ उडाली, आणि आई आढ्याकडे बघत तशीच पडून राहिली. मी घाबरले. मग तिचं पोट हलताना दिसलं. ती हसत होती. माझ्या वडिलांची बदली चंद्रपूरकडे झाल्यापासून आई घरी अशी हसलेली मी पाहिली नव्हती. ती उठली, पदर सोडला आणि म्हणाली, "अजून एक डाव पडू का?" तीनदा पडली. मला न्यायचं राहूनच गेलं. पुढे वस्तीतल्या त्याच बायांना ती सांगायची, बोलायच्या आधी जाऊन पडून या.

ती कापसाची वाईट वर्षं होती. त्याबद्दल इतरांनी इतकं लिहिलंय की मी लिहीत नाही. आमच्या जिल्ह्याचं नाव टीव्हीवर फक्त एका कारणाने यायचं आणि आम्हाला त्याची चीड यायची. उस्तादांकडे नव्या गाद्या कमी झाल्या आणि जुन्याच पिंजून घ्यायला येणारे वाढले. एखाद्या सकाळी क्लासातलं एखादं पोर यायचं नाही. का आलं नाही ते गावभर माहीत असायचं आणि कोणी बोलायचं नाही. पंधरा दिवसांनी ते पोर परत आलं की उस्ताद त्याला जवळ घेत नसत, डोक्यावरून हात फिरवत नसत. "चल," म्हणायचे आणि त्याच्या शेजारी उभे राहून त्याच्यासोबत स्वतः पडायचे. एकदा, दोनदा, वीसदा. पोर थकेपर्यंत. मला तेव्हा तो माणूस दगड वाटायचा. आज वाटतं, अख्ख्या गावात त्या पोराशी तेवढं खरं दुसरं कोणीच वागलं नसेल.

त्याच काळात एक पत्रकार आला, मोठ्या शहरातून, गळ्यात कॅमेरा. त्याला आमचा फोटो हवा होता. आम्ही रांगेत उभं राहावं, चेहरे जरा गंभीर ठेवावेत, असं त्याचं म्हणणं. उस्तादांनी नियम सांगितला. तो बिचारा सभ्य होता, कॅमेरा काढून पडायला तयार झाला. पडताना हात बाहेर टाकणार, तेवढ्यात बावीस पोरं एका सुरात ओरडली, "हात आत." तो दचकून आपोआप नीट पडला. मग त्याला गंमत वाटायला लागली. तासभर पडत होता. जाताना त्याने फोटो काढला, त्यात आम्ही सगळे दात काढून हसतोय आणि मधोमध कापसाची धूळ उडालीय. तो फोटो कुठे छापून आला नाही. त्याला जे हवं होतं ते त्यात नव्हतं.

उस्तादांनी स्वतःबद्दल एकदाच सांगितलं, तेही माझ्या मैत्रिणीने, संगीने, फार पिच्छा पुरवला म्हणून. तरुणपणी ते पोलिसात भरती झाले होते. ट्रेनिंगमध्ये एक म्हातारा हवालदार ज्युदो शिकवायचा. उस्ताद त्याचे लाडके. वर्षभरात तपकिरी पट्ट्यापर्यंत पोचले, पुढचा काळा. एक दिवस सरावात कोणीतरी त्यांना फेकलं आणि त्यांनी डावा हात बाहेर टाकला. खांदा निखळला, वाईट तऱ्हेने मोडला. मेडिकलमध्ये नापास. वर्दी अंगावर चढायच्या आधीच उतरली आणि ते बापाच्या दुकानात पिंजायला परत आले.

"गावातले म्हनत, पडला बिचारा. पडलो म्हनून नाही आलो परत. पडता नाही आलं म्हनून आलो." एवढं बोलून त्यांनी यंत्र सुरू केलं, म्हणजे आता विचारायचं नाही.

आता त्या टाक्यांचं सांगते, कारण सगळं तिथेच अडकलं. गादीतला कापूस सरकू नये म्हणून जाड दोऱ्याचे टाके घालतात. उस्तादांचे टाके एकमेकांपासून बरोबर एक वीत, त्यांच्या स्वतःच्या वितीने. दहा गाद्या शेजारी शेजारी अंथरल्या की टाक्यांच्या सरळ रांगा दिसायच्या आणि उस्ताद त्यांच्यावरच पावलं शिकवायचे. उजवा तिसऱ्या टाक्यावर. डावा पाचव्यावर. कंबर फिरव, आता उजवा पहिल्यावर. समोरच्याला फेकायच्या पाच तऱ्हा आम्ही अशा टाके मोजत शिकलो. सहावी तऱ्हाही त्यांनी दाखवली होती, समोरच्याला धरून आपणच मुद्दाम मागे पडायचं, पाय त्याच्या पोटाला लावायचा आणि त्याला डोक्यावरून पलीकडे टाकायचं. पण ती करायला बंदी होती. दोन माणसांचं वजन एकाच जागी आलं की गादीची शिवण उसवायची. नवरीच्या घरचे बोंब मारतील, ते म्हणायचे.

अकरा वर्षं असं चाललं आणि एकही पोर कधी स्पर्धेत उतरलं नव्हतं. उस्तादांकडे काळा पट्टा नाही, क्लासची नोंद नाही. नावं जायची तर शाळेतून, मुख्याध्यापकांच्या सहीने. आमच्या हेडसरांना हे सगळं प्रकरण आवडत नव्हतं. ते एकदा दुकानात आले होते, उंबऱ्यावर थांबले, पडायला ठाम नकार दिला आणि तिथूनच बोलून गेले. आजही गेले तर उंबऱ्यावरच थांबतात म्हणे.

मी नववीत असताना उस्ताद स्वतः शाळेत गेले. यवतमाळला जिल्ह्याच्या स्पर्धा होत्या. मुलींच्या सहा नावांवर सही हवी होती. हेडसरांनी बराच वेळ पेन हातात फिरवलं.

"सही करतो. पन एक सांगतो. शाळेचं नाव घेऊन जाऊन राह्यले तुमी. सहातली एक तरी पोरगी एक तरी कुस्ती जिंकली पाह्यजे. नाही जिंकली, तं पुन्हा या दारात येऊ नका. अन् मी पालकांनाबी सांगनार, हे बंद करा म्हनून."

"कुस्ती नाही सर, ज्युदो."

"तेच ते. कबूल?"

उस्ताद कबूल म्हणून आले. दुसऱ्या सकाळी त्यांनी आम्हा सहाजणींना समोर बसवलं आणि मी त्यांना पहिल्यांदाच घाबरलेलं पाहिलं. ते म्हणाले, "मी कधी स्पर्धेत लढलो नाही. एका मानसाकडून शिकलो तेवढं तुमाले शिकवलं. बरोबर शिकवलं का चूक, मलेबी माहीत नाही. आता समजनच." यंत्र सुरू करायला उठले आणि बटण न दाबताच परत येऊन बसले.

ड्रेसचा प्रश्न त्यांनी त्यांच्या पद्धतीने सोडवला. ज्युदोचं जाकीट जाड लागतं, धरून ओढलं तरी फाटू नये असं. उस्तादांकडे जाड कापड एकच, गादीपाट, ज्याच्या गादीच्या खोळी शिवतात ते, निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं. यवतमाळच्या हॉलमध्ये शंभर पोरंपोरी पांढऱ्याशुभ्र कपड्यांत आणि त्यांच्यात आम्ही सहा गाद्या. लोक बोटं दाखवत होते. एका पंचाने विचारलं, हे काय घातलंय? उस्ताद म्हणाले, "ओढून पाहा साहेब." त्याने ओढून पाहिलं, शेजाऱ्याला ओढायला लावलं, आणि या वेळेपुरती परवानगी दिली.

पहिली संगी उतरली. आमच्यातली सगळ्यांत चपळ. पंधरा सेकंदांत पाठीवर. दुसरी गेली, तीही तशीच. तिसरी, चौथी. काय होतंय ते कळेना. समोरच्या पोरी काही फार भारी नव्हत्या. आमच्या पोरी धरायच्या छान आणि मग एकदम थबकायच्या, मान खाली घालायच्या, आणि तेवढ्यात गेल्या. पाचवी हरून आली तेव्हा उस्तादांनी तिला विचारलं, "तुमी साऱ्याजनी खाली काहून पाहून राह्यल्या?"

ती रडत होती. संगीने उत्तर दिलं. "टाके पाहून राह्यलो उस्ताद. इथल्या गादीवर टाकेच नाहीत."

मी वाकून पाहिलं. हिरवी, सपाट, गुळगुळीत गादी. एक टाका नाही. तिसरा कुठला आणि पाचवा कुठला, काही म्हणजे काही कळायला मार्ग नाही.

उस्ताद खालीच बसले. अकरा वर्षं त्यांच्या चेहऱ्यावरून सरकताना दिसली मला. "माही चूक," ते म्हणाले. "तुमची नाही." मग त्या पाच पोरींकडे बघून पुन्हा तेच म्हणाले. आता एकटी मी उरले होते, आणि माझंही सगळं येणं टाक्यांवरच उभं होतं. माझं नाव पुकारलं गेलं. उस्तादांनी माझी बाही धरली.

"तुले टाक्याबिगर काय येते?"

"काईच नाही."

"पडता येते का?"

"येते."

"इथल्या साऱ्या पोरींहून चांगलं?"

मी हॉलभर नजर फिरवली. सकाळपासून पडणाऱ्या पोरी पाहत होते. कोणी कोपरावर, कोणी हातावर. "हो," मी म्हटलं. आणि ते खरं होतं.

"मंग पड. तिले घेऊन पड. इथली शिवन उसवली तं उसवू दे, आपली नाही."

समोरची पोरगी यवतमाळची, माझ्याहून वीतभर उंच. तिने माझं गादीपाटाचं जाकीट धरलं आणि ढकलत पुढे आली. मी खाली पाहिलं नाही. पावलांचा विचार सोडला. आईला शिकवताना जे सांगितलं होतं तेवढंच केलं, हनुवटी छातीला, हात आत, आणि तिच्या दोन्ही बाह्या न सोडता मागे पडले. पाय तिच्या पोटाला लागला. ती माझ्या वरून गेली. सगळी गेली. मग पलीकडे असा आवाज झाला की अख्खा हॉल वळून पाहायला लागला. पंचाचा हात सरळ वर. पूर्ण गुण, लढत संपली.

संगी नाचत होती. उस्ताद उभे होते आणि त्यांना बहुतेक अजून कळलं नव्हतं.

दुसरी लढतही मी तशीच पडून जिंकले. अंतिम लढतीत समोरच्या पोरीने हुशारी केली, मला ढकललंच नाही. उलट ओढून बाजूने उचललं आणि दणकन आपटलं. हरले मी. पण पडले अशी, की स्वतःलाच छान वाटलं. उठून कपडे सारखे करत होते तर मुख्य पंच, पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ, खुर्चीवरून उठून माझ्याकडेच आले.

"पुन्हा पड पाहू," ते म्हणाले.

मी पडले. त्यांनी हॉलमधल्या सगळ्या पोरांना गादीभोवती बोलावलं आणि मला आणखी तीनदा पडायला लावलं. "हे बघा. असं पडतात. कोणी शिकवलं तुला?"

उस्ताद पालकांमध्ये मागे जाऊन बसले होते. हरलेल्या पाचजणींनी त्यांना दोन्ही बाजूंनी ओढत आणलं. ते चपला काढून गादीवर आले, शंभर पोरांसमोर उजवीकडे पडून दाखवलं, मागे पडून दाखवलं. डावीकडे पडून दाखवा म्हटल्यावर ते उठून उभे राहिले आणि डावा हात जेवढा वर जातो तेवढा वर नेला. खांद्यापाशी थांबला.

"डावीकडं मले येत नाही," ते पोरांना म्हणाले. "काहून येत नाही ते पाहून घ्या. हात बाहेर टाकला होता मी."

शंभर पोरांनी आपापले हात अंगाजवळ घेतले. मी ते डोळ्यांनी पाहिलंय. मला त्या दिवशी त्या माणसाचा एवढा अभिमान वाटला, की दुसऱ्या नंबरचं पदक गळ्यात आहे हे मी बक्षीस समारंभानंतर तासभर विसरले होते.

हेडसर पुढच्या वर्षी स्वतःच अर्ज घेऊन उंबऱ्यावर आले, सही आधीच केलेली. उस्तादांनी टाके घालणं सोडलं नाही, पण आठवड्यातले दोन दिवस गाद्यांवर टाके झाकणारं सपाट गादीपाट अंथरायला लागले. त्यांच्या हाताखालून पुढे बरीच पोरं राज्यापर्यंत गेली. माझी मजल जिल्ह्यापर्यंतच. एस.टी.त मी कधी पडत नाही, एवढा मात्र उपयोग झाला.

त्या दिवशी परत येताना बसमध्ये आम्ही सातजण मागच्या लांब बाकावर बसलो होतो. माझं प्रमाणपत्र उस्तादांच्या मांडीवर. अर्जात प्रशिक्षक म्हणून हेडसरांचं नाव होतं. मिशावाल्या पंचांनी ते खोडायला लावून लेखनिकाकडून उस्तादांचं लिहून घेतलं होतं. उस्तादांनी तो कागद दोन बोटांनी धरला होता, घडी पडू नये म्हणून. चष्मा दुकानात राहिलेला.

"वाच," ते मला म्हणाले.

मी माझं नाव वाचलं, गट वाचला, क्रमांक वाचला.

"खालचं वाच."

मी त्यांचं नाव वाचलं.

"त्याच्या आंधी काय लिहेल आहे?"

"प्रशिक्षक."

"मंग दोनी एकासंग वाच ना."

मी दोन्ही एकत्र वाचलं. ते खिडकीकडे वळले. बाहेर वेचणी झालेली कापसाची शेतं होती आणि ती त्यांनी आयुष्यभर पाहिलेली होती. संगीने वाकून त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

"उस्ताद, रडून राह्यले का?"

"मी कायले रडू?" ते खिडकीतूनच म्हणाले. "तू वाच व पोरी. अजून एक डाव वाच."